तालमीची माती

स्वरालीच्या मांडीवरची खपली परत निघाली होती. मुक्ताईनं वाटीतल्या खोबरेल तेलात हळद कालवली, बोट बुडवलं आणि नातीच्या तोंडाकडं न बघताच म्हणाली, "दातात कायतरी धर. तुझा बाप भायेर रोलर वढतोय. वरडलीस तर धावत यील, आन् मग त्यालाच पाणी पाजावं लागंल."

स्वरालीनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. डावी मांडी खुब्यापासून गुडघ्यापर्यंत किसणीवरून काढल्यागत झाली होती. जुनं सालटं, त्याच्यावर नवं, आणि मधे मुरमाचे बारीक खडे रुतलेले. मुक्ताईनं नखानं एक खडा उचकटला. पोरगी थरथरली, पण आवाज काढला नाही. म्हातारीला त्याचंच जास्त भ्या वाटलं. रडणाऱ्या पोराचं दुखणं कळतं तरी; गिळणारं पोर कुठवर गिळेल ते कोण सांगणार.

"पडायचंच कशाला म्हन्ते मी."

"पडत नाही आजी. स्लाइड मारते."

"बरं. मग हे सालटं स्लाइडचं. पडल्याचं न्हाई."

"अगं, उभ्यानं गेले आणि बेसवरच्या मुलीला धडकले तर मीच आऊट. एक तर स्लाइड मारायची, नाहीतर बाजूनं पळायचं. रूलच आहे तसा. आणि डोकं पुढे घालून पण नाही मारायची. आमच्या वयाला फक्त पाय पुढे."

"म्हंजी पाय मोडला तर चालतंय, डोस्कं न्हाई. ज्यानं ह्यो नियम केला त्याच्या घरात पोरगी नसणार."

स्वराली बोळ्याआडून हसली. उद्या तिचा सॉफ्टबॉलचा सामना होता, जिल्ह्याच्या चौदा वर्षांखालच्या मुलींचा. निवड करणारी माणसं खुर्च्या टाकून बसणार होती, आणि ह्या सामन्यातून राज्याच्या संघात कोण जाणार ते ठरणार होतं. स्वराली बेस चोरण्यात पटाईत. पहिल्या बेसवरून दुसऱ्यावर ती अशी सुटायची, की समोरच्या पोरीचा हात चेंडूसकट खाली येईपर्यंत हिची टाच बेसला लागलेली असायची. खेळ शिकवणारे विश्वजीत सर म्हणायचे, ही पोरगी जाणार. ते म्हणाले की दीपमाला, म्हणजे स्वरालीची आई, पदर तोंडाला लावून आत जायची. मुक्ताई मात्र तिथंच बसायची आणि सरांच्या बुटांकडं बघायची. बूट चांगले होते. सर स्वतः कधी पडताना दिसले नव्हते.

कात्रजच्या डोंगराच्या अंगाला शाळेचं हे मैदान. मैदानाच्या मागं पत्र्याची खोली, आणि खोलीत ही चौघं. मुक्ताईचा लेक ज्ञानदेव मैदान राखायचा. मुरूम अंथरायचा, पाइपानं पाणी मारायचा, रोलर ओढायचा, फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायचा. दीपमाला शाळेचे वर्ग झाडायची. मुक्ताईला कुणी काम दिलं नव्हतं, पण रिकामं बसणं तिच्या जातकुळीत नव्हतं. ती सकाळ-संध्याकाळ बेसांच्या मधल्या वाटेवर उकिडवी बसून मुरमातले खडे वेचायची. घमेलं भरायचं, रितं करायचं, परत भरायचं. दुसऱ्या दिवशी खडे तेवढेच.

संध्याकाळी शाळेचे सेक्रेटरी आले. गाडीतून उतरले नाहीत, नुसती काच खाली केली.

"ज्ञानदेव, उद्या बाहेरचे लोक येणार. ग्राउंड एक नंबर पाहिजे. मागच्या वेळेला त्या मुलीचा गुडघा गेला तेव्हा मला किती बोलणी बसली, माहितीये ना?"

"जी साहेब."

"खोली मागणारे पुष्कळ आहेत बरं का. आम्ही आपले तुमच्यावर विश्वास ठेवून आहोत."

काच वर गेली. ज्ञानदेव गाडी वळेपर्यंत मान खाली घालून उभा होता. मुक्ताई खड्यांचं घमेलं काखेत घेऊन म्हणाली, "इस्वास म्हने. माझ्या बापानं भोरला कुत्र्याला सुदिक असं काचंतनं हाकललं न्हाई."

"आये, गप बस."

"गपच हाय मी. तोंड माझं हालतंय, तुला ऐकू कशाला जातंय."

पण त्या गुडघ्याचं नाव निघालं आणि तिला तो दिवस परत दिसला. गेल्या हिवाळ्यात ह्याच मैदानावर एक पोरगी घसरत आली, पाय कडक मुरमावर आपटला आणि गुडघा जिकडं वळू नये तिकडं वळला. ती पोर आता व्हरांड्यात बसून इतरांचे गुण लिहायची. उठताना भिंत धरायची. मुक्ताई तिच्याकडं बघायचं टाळायची, आणि तरी रोज बघायची. स्वराली धावायला लागली की म्हातारीच्या कानात तो गुडघा वाजायचा. उद्या तर पोरगी जीव खाऊन पडणार. माणसं बघायला बसल्यावर कोण हातचं राखून पडतं?

माती कडक हाय. सगळं त्यात हाय.

आणि माती मऊ कशी करायची, हे मुक्ताईला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिचा बाप गावच्या तालमीचा वस्ताद. तालमीतली माती रोज पहाटे उकरायचे, त्यात ताक, तेल, हळद घालून मळायचे. चढा गडी खांद्यावरून आपटला तरी उठून मांड्या थोपटायचा. त्या मातीवर कुणाचं कातडं गेल्याचं तिनं बघितलं नव्हतं. ताकाची घागर उंबऱ्यापर्यंत नेऊन द्यायचं काम तिचं. उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही, बाईचा पाय तालमीला चालत नाही. म्हणून तिनं सगळं बघितलं ते उंबऱ्याबाहेरून. पण बघितलं होतं नीट.

सकाळी उजाडता उजाडता ज्ञानदेव फाटकाकडं गेला. मांडवाच्या खुर्च्यांचा टेम्पो आला होता. मुक्ताईनं खुरपं घेतलं, पदर खोचला आणि दुसऱ्या बेसजवळ जाऊन बसली. स्वराली पडते ती इथंच. पहिल्या बेसकडून येणाऱ्या वाटेचा शेवटचा तुकडा तिनं उकरायला घेतला. वरचा थर रोलरनं दाबून दाबून भाकरीच्या पापुद्र्यागत झाला होता. तो फुटला की खाली भुसभुशीत लागायचं. चार बोटं खोल गेली. ढेकळं हातानं कुस्करली.

"आत्या, काय करताय हे?"

मागं दीपमाला उभी होती, हातात खराटा.

"तुझ्या पोरीचं कातडं वाचिवतेय. जा, ताकाची चरवी आण. आन् हळदीचा डबा."

"ह्यांना विचारलं का?"

"त्याला जलमाला घालताना तरी त्याला कुठं इचारलं हुतं."

दीपमाला घुटमळली. मग गेली आणि चरवी घेऊन आली. सासूच्या समोर उकिडवी बसून तिनं हळूहळू ताक ओतलं, मुक्ताईनं दोन्ही हातांनी कालवलं. गार माती, आंबूस वास. क्षणभर दोघींनाही बरं वाटलं. एका परातीत कणीक मळायला त्या दोघी कधी बसल्या नव्हत्या.

"लागणार नाही ना आता तिला?" दीपमालानं विचारलं.

"बापानं मैसूरचा पैलवान आपटला हुता असल्या मातीत. हसत उठला त्यो."

वरून कोरडा मुरूम पसरून मुक्ताईनं खराट्यानं सारखं केलं. कुणाला ओळखू आलं नसतं. तळव्यानं दाबून बघितलं तर गादीगत दबत होतं. पाय ठेवून मात्र तिनं बघितला नाही. सुचलंच नाही. तालमीच्या मातीत बाईनं पाय ठेवायचा नसतो, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की ती त्या तुकड्याला वळसा घालून घरी आली.

सामना सुरू झाला तेव्हा ऊन अंगावर आलं होतं. मुक्ताई पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली. पलीकडं मांडवात निवडीची माणसं, आणि बिबवेवाडीच्या संघाच्या पोरींच्या आया, डबे-बाटल्या घेऊन. मधे निळ्या शर्टातली पंच, तरन्नुम. पोरगीच, पण चेहरा असा की हसायचं झालं तर आधी अर्ज करावा लागेल. ती नुसता हात वर करायची आणि धिप्पाड बाप्ये तोंडातलं वाक्य गिळायचे. मुक्ताईला ती आवडली होती.

सुरुवातीला बिबवेवाडीचा संघ मारायला होता आणि स्वराली दुसऱ्या बेसवर राखायला. मुक्ताईनं हे धरलंच नव्हतं. तिच्या मनात पोरगी फक्त पळत होती, पडत होती. त्या बेसवर आधी दुसऱ्याच कुणाची लेक येऊन पडेल, हे तिच्या डोक्यात आलं ते पहिल्या बेसवर एक उंच पोरगी येऊन उभी राहिली तेव्हा.

"पळ प्रिया, पळ," मांडवातून एक बाई ओरडली.

प्रियदर्शनी सुटली. मागून चेंडू फेकला गेला. स्वराली बेसच्या पुढं येऊन हात पसरून उभी राहिली. मुक्ताई उठून उभी राहिली आणि तिला वाटलं, बरं झालं, मऊ हाय, हिलाबी लागणार न्हाई. प्रियदर्शनीनं अंग टाकलं, एक पाय पुढं.

पाय घसरला नाही. बुटाची टाच मातीत रुतली, नांगराचा फाळ रुतावा तशी, आणि पोरगी तशीच पुढं गेली. पाय मागं राहिला, अंग पुढं गेलं. ती स्वरालीच्या नडगीवर आदळली, दोघी एकमेकींत गुंतून पडल्या. ओली फांदी मोडावी तसा आवाज टाकीपर्यंत आला.

मग ती पोर ओरडली.

मुक्ताई पळाली नाही. टाकीपाशीच उभी राहिली. पोरींचा घोळका, मांडवातून धावणारी आई, कुणीतरी आणलेली फळी, घोट्याशी वाकडा झालेला पाय. स्वराली बाजूला बसली होती, तिच्या तोंडावर फक्की लागली होती. चेंडू कुठंतरी लांब गवतात पडला होता.

प्रियदर्शनीला गाडीत घालून नेलं. मग तरन्नुम मैदानात परत आली.

"ऑब्स्ट्रक्शन," ती म्हणाली. "चेंडू हातात नसताना वाट अडवली. मुद्दाम पाय घातला. हिला सामन्याबाहेर काढते आहे."

विश्वजीत सर धावत आले. "मॅडम, चेंडू येतच होता."

"येत होता म्हणजे आला नव्हता."

"पण मुद्दाम कशावरून?"

"माझ्या डोळ्यांवरून. सर, हा जजमेंटचा निर्णय आहे. प्रोटेस्ट करायचा तर नियमावर करा. आहे का नियमाचं काही?"

सर स्वरालीला खांद्याला धरून बाहेर घेऊन आले. मुक्ताई त्यांच्या वाटेत उभी राहिली. "आसं कसं भायेर काढती? तुमी बोला की."

"आजी, पंचानं नियम चुकीचा लावला तर भांडता येतं. पंचाला काय दिसलं यावर भांडता येत नाही. जगात कुठंच नाही."

"डोळे काय देवानं तिलाच दिल्यात?"

"मैदानात उभं असेपर्यंत, हो." सर दमले होते. "आता संध्याकाळी त्या रिपोर्ट देतील. मुद्दाम इजा केली असं रिपोर्टात गेलं की निवड तर सोडाच, वर्षभर कुठल्याच स्पर्धेत घेत नाहीत. त्यापुढंही हे नावाला चिकटून राहतं."

तिकडून कुणीतरी हाक मारली, "ओ ग्राउंडवाले, बेस नीट करा जरा." ज्ञानदेव फावडं घेऊन गेला. मुक्ताईनं लांबून बघितलं. तो वाकला. फावडं मातीत गेलं, आणि ज्ञानदेव तसाच वाकलेला राहिला, एखादा वास हुंगावा तसा. मग त्यानं टाकीकडं मान वळवली. मायलेकांची नजर मैदानाच्या एवढ्या रुंदीवरून भिडली, आणि मुक्ताईनं खाली बघितलं. असं तिनं त्याच्यापुढं कधी केलं नव्हतं.

ज्ञानदेवानं धुमस आणली. कोरडा मुरूम ओतला, चोपला, पाणी शिंपडलं, परत चोपला. सगळ्यांच्या देखत. त्याचं कामच ते होतं, कोण कशाला बघेल. धप, धप, धप. मुक्ताईला तो आवाज छातीवर लागत होता. मग सामना पुढं सुरू झाला.

दुपारी खोलीत पत्रा तापला होता. स्वराली बूट न काढता भिंतीकडं तोंड करून पडली होती. दीपमालानं ताट वाढून ठेवलं होतं, त्यावर माशा बसत होत्या.

ज्ञानदेव आला, हात न धुताच बसला. "आये, सकाळचं ताक कुठं हाय?"

दीपमालाचा हात भाकरीवर थांबला.

"संपलं," मुक्ताई म्हणाली.

"माझ्या फावड्याला लागलंय ते. हळदीसकट." त्यानं आवाज चढवला नाही, उलट पोरीकडं बघून आणखी खाली आणला. "काय केलंस गं आये तू?"

मुक्ताईनं ताटावरच्या माशा हाकलल्या. "कातडं जात हुतं तिचं."

"कुस्ती हाय व्हय ती? आपटायचं नसतंय तिथं, सरकायचं असतंय. माती घट्ट लागती. म्या रोज मरमर रोलर वढतो तो कशाला?"

"मला काय ठावं. सांगितलंस का कवा?"

"इचारलंस का कवा?"

पत्रा तडतडला. ज्ञानदेव भाकरी मोडत राहिला, खाल्ली नाही. "झालं ते झालं. म्या बसवलंय सगळं. कुणाला कळलं न्हाई, आन् आता कुणी बोलायचं न्हाई. दोघींनीबी."

"आन् पोरगी?"

"एक वरीस खेळली न्हाई तर मरत न्हाई. खोली गेली तर चौघं कुठं जायची? काकाच्या दारात जाऊन उभी ऱ्हाशील तू?"

तो घाव नेमक्या जागी बसला. दिराच्या दारातून ती ज्या दिवशी निघाली, त्या दिवशी त्याच्या अंगणात तिनं चूळ भरून टाकली होती. परत त्या अंगणात जायचं म्हणजे ती चूळ जिभेनं चाटायची. मुक्ताई गप्प बसली, आणि गप्प बसल्याबरोबर तिला समजलं की ज्ञानदेवाचं ऐकणं किती सोपं आहे. काहीच करायचं नाही. नुसतं बसायचं.

"आजी," भिंतीकडून आवाज आला. "माझा पाय पुढं होता ना?"

"न्हवता. झोप."

"होता. मला आठवतंय." स्वराली या कुशीवर वळली. डोळे कोरडे होते. "आधी नव्हतं आठवत. आता दिसतंय. ती येत होती आणि मी पाय पुढं टाकला. मला वाटलं असणार की ही पडली तर माझं सिलेक्शन होईल. असं वाटलं असेल ना मला?"

"येड लागलंय व्हय तुला."

"मॅडम खोटं नाही बोलत. त्यांनी बघितलं." ती उठून बसली. "मी जाऊन सांगते त्यांना, हो, मुद्दाम केलं. सगळे बघतात गं माझ्याकडं. एकदा सांगितलं की संपेल."

ज्ञानदेवानं ताट सरकवलं आणि तो बाहेर गेला. मुक्ताईनं नातीच्या तोंडाकडं बघितलं. मांडीतला खडा काढताना जसं तोंड होतं तसंच. दुखणं गिळलं होतं, आता खोटंही गिळत होती, आणि ते तिच्या अंगी लागत होतं. गुडघ्याचं भ्या मुक्ताईला ओळखीचं होतं. हे नवीन होतं.

ऊन कलल्यावर शेवटचा सामना संपला. मांडव उतरवायला घेतला होता. तरन्नुम फाटकाजवळ स्कूटरच्या सीटवर पॅड ठेवून उभ्यानं काहीतरी लिहीत होती. मुक्ताई पदर सारखा करून तिच्यासमोर गेली.

"अहो पंचबाई."

"बोला आजी."

"माझ्या नातीनं न्हाई मोडला त्या पोरीचा पाय. म्या मोडला."

तरन्नुमनं पेन थांबवलं. मुक्ताईनं सांगितलं. खुरपं, ताक, हळद, वरून पसरलेला मुरूम, सगळं. आयुष्यात तिनं कुणापुढं एवढं लांबलचक स्वतःविरुद्ध सांगितलं नव्हतं. मग तरन्नुम तिच्याबरोबर दुसऱ्या बेसपर्यंत चालत गेली, बुटाची टाच मातीत दाबली. परत दाबली, जोर देऊन.

"आजी, हे तर दगडासारखं आहे."

"माझ्या पोरानं बसिवलं नंतर."

ज्ञानदेव जवळच पाइपानं पाणी मारत होता. तरन्नुमनं विचारलं, "दादा, सकाळी इथली माती कुणी उकरली होती का?"

"न्हाई मॅडम." त्यानं पाण्याच्या धारेवरून नजर काढली नाही.

तरन्नुमनं मुक्ताईच्या दंडाला हात लावला. आवाज अगदी मऊ झाला होता. "नातीसाठी माणूस काहीही बोलतं आजी. मला राग नाही आला. जा तुम्ही घरी."

शिवी दिली असती तर मुक्ताईनं दोन परत दिल्या असत्या. ह्या मऊपणावर तिच्याकडं काही नव्हतं. ती मटकन खाली बसली आणि बोटांनी माती उकरायला लागली. पोराच्या हाताची धुमस होती, माती हलली नाही. एक नख उलटलं. मांडव सोडणारे गडी हातातली दोरी धरून बघत राहिले.

"आजी, ऊठ ना." स्वराली आली होती. "सगळे बघतायत. मॅडम, तिचं ऐकू नका. मी मुद्दाम केलं."

तरन्नुम तिच्याकडं वळली. "काय केलंस नक्की?"

"पाय घातला."

"कुठला?"

"डावा." मग, "उजवा."

"कधी ठरवलंस?"

नडगीवर जिथं प्रियदर्शनी आदळली होती तो काळानिळा डाग स्वरालीच्या डाव्या पायावर होता, आणि हात उजव्या पायाकडं गेला होता. तरन्नुमचं लक्ष त्या हाताकडं होतं. मग ती जमिनीवर बसलेल्या म्हातारीला म्हणाली, "तुम्ही उकरताना कुणी पाहिलं का? पाहिलेलं सांगणारं माणूस पाहिजे मला."

मुक्ताईनं मान वर केली नाही. वर्षानुवर्षं जिला ती 'तुला काय कळतंय' म्हणत आली, ती मागं खराटा घेऊन उभी आहे, हे तिला चाहुलीवरून कळलं होतं. तिच्याकडं काही मागायचं, तेही हे, तेवढं तोंड मुक्ताईला नव्हतं.

"मी पाहिलं," दीपमाला म्हणाली.

"दीपे," ज्ञानदेव म्हणाला.

दीपमालानं त्याच्याकडं बघितलं नाही. खराटा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. "उकरलं आत्यांनी, ताक मी ओतलं आणि चोपून बसवलं ह्यांनी. तिघांनी मिळून केलंय. पोरीनं काय केलं ते तुम्ही बघितलं असेल तेवढंच."

ज्ञानदेवाच्या हातातला पाइप खाली झाला. पाणी त्याच्याच चपलांवर पडत राहिलं.

तरन्नुम बेसपाशी उकिडवी बसली, जिथं म्हातारीची बोटं चालली होती तिथं. मातीची चिमूट उचलून हुंगली. काय कळलं ते तोंडावर दिसलं नाही. "पाय वाटेत होता," ती म्हणाली, "चेंडू हातात नव्हता. ऑब्स्ट्रक्शन राहणार. ते मी पाहिलंय. 'मुद्दाम' मात्र मी पाय कसा मोडला ते बघून ठरवलं होतं. ते काढते." ती उठली. "आणि मैदानाचं लिहावं लागेल. दादा, तुमचं नाव मी लिहीत नाही. पण मैदान कोण राखतं, हे शाळेला सांगायला मी कशाला पाहिजे."

ज्ञानदेवानं मान हलवली. बाजारात भाव ऐकून हलवावी तशी. मग तो नळ बंद करायला गेला आणि तिकडंच उभा राहिला.

"म्हणजे मी मुद्दाम नाही केलं?" स्वरालीनं विचारलं.

"ते तुला माहीत," तरन्नुम म्हणाली. "मला तरी दिसलं नाही."

स्वराली आईजवळ जाऊन उभी राहिली. आता तिचे खांदे हलायला लागले. मग आवाज फुटला, लहान पोराचा असतो तसा, नाकातोंडातून. दीपमालानं खराटा टाकला. मुक्ताई मातीत बसून ते रडणं ऐकत होती. ऐकून ऐकून तिनं गुडघ्यावर हात टेकले आणि उठली.

"त्या पोरीला कुठं नेलंय?"

"बिबवेवाडीला, दवाखान्यात. मी तिकडंच चाललेय."

"मला मागं बशिव."

"आये," ज्ञानदेव नळाकडून म्हणाला, "तिथं तिची माणसं असत्याल. फाडून खातील तुला."

"म्हातारी हाय मी. चावायला जड जाईन."

पण स्कूटरजवळ गेल्यावर तिला पाय कुठं ठेवायचा ते कळेना. तरन्नुमनं तिचा हात धरून तिला आडवं बसवलं, पदर चाकात जाणार नाही असा खोचून दिला. गाडी फाटकातून उताराला लागली. समोर रस्त्यावर ट्रक, बस, धूळ. मुक्ताईनं निळा शर्ट मुठीत धरला.

"तिच्या आईला काय सांगणार आहात?" तरन्नुमनं मान न वळवता विचारलं.

"ठावं न्हाई."

थोडं पुढं गेल्यावर गाडी मंदावली. "आजी, तुमचा हात फार थरथरतोय. थांबू का जरा?"

"थरथरू दे. थांबू नको," मुक्ताई म्हणाली. "थांबलीस तर मी उतरंन."